हाँगकाँगमध्ये कोणी पाठीमागे बोलत असेल तर : कँटनीजमधल्या चहाड्या, कंड्या आणि बालंटाचे शब्द

कँटनीज शिकायला बसलेल्या माणसाला सुरुवातीला भाव विचारता येतो, रस्ता सांगता येतो, जेवण मागवता येते. पाठ्यपुस्तकेही तिथेच घुटमळतात. पण नोकरीसाठी हाँगकाँगला आलेला माणूस लवकरच एका वेगळ्या अडचणीत सापडतो. सहकारी आपापसांत हळू आवाजात काही बोलतात, एक नाव दोनदा येते, कोणी हसते, कोणी मान हलवते, आणि आपल्याला त्यातले काहीच उमगत नाही. २०२१ च्या जनगणनेत तिथल्या सुमारे ८८ टक्के लोकांनी कँटनीज ही आपली नेहमीची भाषा म्हणून सांगितली. कामकाजाच्या बैठका पुष्कळदा इंग्रजीत होतात, पण माणसांविषयीचे बोलणे बहुधा कँटनीजमध्येच होते.

हा लेख त्या बोलण्याविषयी आहे. माझे ठाम मत आधीच सांगतो : हे शब्द सगळे ओळखता आले पाहिजेत आणि त्यातले फार थोडे तोंडात आले पाहिजेत. म्हणून इथल्या पायऱ्या ऐकण्यापासून सुरू होतात आणि बोलण्याची वाक्ये अगदी शेवटी येतात.

पहिली पायरी : कान तयार करा

कँटनीज लिहिण्यासाठी ज्युटपिंग ही रोमन पद्धत वापरतात. लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ हाँगकाँगने ती १९९३ मध्ये आणली. पद्धत चांगली आहे, पण तिच्यातले 'बी' अक्षर पाहून मराठी माणूस 'ब' म्हणतो आणि तिथेच चुकतो. कँटनीजमध्ये ब, द, ग नाहीत. प आणि फ, त आणि थ, क आणि ख असा हवेचा फरक आहे, आणि तो आपल्याला जन्मापासून येतो. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ज्यासाठी महिनोन्महिने घासावे लागते ते आपल्याला फुकट मिळाले आहे. म्हणून हे शब्द देवनागरीतच टिपून ठेवा.

खाली वापरलेली चिन्हे अशी. 'च' हा 'चाक'मधला, 'चहा'मधला नव्हे. 'छ' म्हणजे त्याच 'च'ला जोरात हवा. 'फ' म्हणजे 'फळ' म्हणताना ओठ मिटून सोडलेला, आणि 'फ़' म्हणजे दात ओठाला लावून काढलेला. 'ङ्' पूर्ण नाकात. शब्दाअखेरचे प्, त्, क् तोंडातच अडवायचे, बाहेर सोडायचे नाहीत. 'छॅङ्' किंवा 'सॅङ्' म्हणताना ओठ गोल ठेवायचे.

मग सूर. प्रत्येक अक्षराशेजारचा आकडा सूर दाखवतो. १ म्हणजे उंच आणि सपाट, २ म्हणजे खालून उंच चढणारा, ३ मधला सपाट, ४ खाली घसरणारा, ५ खालून थोडासाच चढणारा, ६ खालचा सपाट. सी१ म्हणजे कविता, सी३ म्हणजे करून पाहणे, सी४ म्हणजे वेळ, सी५ म्हणजे बाजार किंवा शहर, सी६ म्हणजे बाब. सी२ म्हणजे इतिहास, आणि विष्ठाही. आपल्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा शब्द 'सी६'नेच सुरू होतो, तेव्हा हा सूर आधी पक्का करा.

ऐकताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आजचे हाँगकाँगकर पुष्कळदा शब्दारंभीचा 'ङ' गाळतात आणि 'न'चा 'ल' करतात. 'मी' या अर्थाचे ङॉ५ हे ऑ५ होते आणि 'तू' या अर्थाचे नेइ५ हे लेइ५ होते. शुद्ध उच्चार शिकून बसलेल्याला भरभर चाललेल्या कुजबुजीत 'मी' आणि 'तू'च सापडत नाहीत, मग कोण कोणाविषयी बोलतेय ते कसे कळणार?

दुसरी पायरी : निरुपद्रवी बोलणे वेगळे काढा

सगळीच कुजबुज वाईट नसते. छोइ१ सोइ२ म्हणजे शब्दशः पाणी फुंकणे, आणि अर्थ निव्वळ गप्पा हाणणे. मित्र चहाला बसले की ते छोइ१ सोइ२ करतात. त्यात थोडी फुशारकी असते, थोडी अतिशयोक्ती असते, कोणाचे वाईट नसते. जो फारच बोलतो त्याच्याविषयी म्हणतात हउ२ सोइ२ तॉ१ क्वॉ३ छा४, चहापेक्षा थुंकी जास्त. हे ऐकून मनाला लावून घेऊ नये.

पुढचा शब्द पात्३ क्वा३. मुळात ही ताओ परंपरेतली आठ रेषाचिन्हे, पण हाँगकाँगमध्ये हा शब्द भोचकपणासाठी आणि नटनट्यांच्या भानगडींसाठी चालतो. तिथून तो मँडरिनमध्येही, म्हणजे प्रमाण चिनी भाषेतही, गेला आणि आज सगळ्या चिनी जगात कळतो. खोइ५ होउ२ पात्३ क्वा३ म्हणजे 'त्याला फार चौकश्या असतात'. नुसते पात्३ हे क्रियापद म्हणूनही येते, 'जरा चौकशी तर करू' या अर्थाने. हे सौम्य आहे. मैत्रीण स्वतःबद्दलही हसत म्हणेल, मी फार पात्३ क्वा३ आहे.

पण याच मुळापासून निघालेला पात्३ फॉ४ सौम्य नाही. बाईला दिलेली ती शिवी आहे, रस्त्यात भांडण लागले की पहिल्यांदा तोंडातून तीच बाहेर पडते. जिवलग मैत्रिणी एकमेकींना लाडाने म्हणतात हे खरे, पण ते ऐकून नवख्याने उचलू नये. पुरुषासाठी पात्३ कुङ्१ आहे, पण तो क्वचितच ऐकू येतो आणि त्याची धारही बोथट आहे.

इथे थोडे थांबावेसे वाटते, कारण ही विषमता एका शब्दापुरती नाही. साम१ कू१ लुक्६ फॉ४, तीन कू आणि सहा फॉ, म्हणजे गावभर लावालावी करणाऱ्या बायका. ही यादी चौदाव्या शतकात, युआन राजवटीच्या काळात लिहून ठेवलेली सापडते. तीन कू म्हणजे बौद्ध भिक्षुणी, ताओ जोगीण आणि भविष्य सांगणारी. सहा फॉमध्ये दलाली करणारी, लग्न जुळवणारी, अंगात येणारी, कुंटीण, औषध देणारी आणि सुईण. म्हणजे घराबाहेर पडून, दारोदार जाऊन स्वतःच्या कामावर पोट भरणाऱ्या बायकांचीच ही यादी. त्यांचे धंदे विसरले गेले आणि चुगलखोरीचा शिक्का तेवढा राहिला. कार्यालयात पुरुषही तितकेच बोलतात. म्हणून हे शब्द ऐकून समजा, पण कोणा बाईविषयी वापरू नका.

तिसरी पायरी : 'सी६ फ़ेइ१' नीट समजून घ्या

या सगळ्या विषयाचा कणा हा एक शब्द आहे. इथला सी६ म्हणजे बरोबर ('बाब' या अर्थाचा सी६ वेगळा, उच्चार तेवढा सारखा), फ़ेइ१ म्हणजे चूक. दोन्ही जोडले की होते कुचाळकी, लावालावी आणि तिच्यातून होणारी कटकट. कोण बरोबर, कोण चूक याचा निवाडा पाठीमागे करत बसणे असे त्यात अनुस्यूत आहे. त्यातली माहिती खोटी असलीच पाहिजे असे नाही. नवखे लोक समजतात की खरे बोलले तर ती चुगली होत नाही. कँटनीज माणूस तसे मानत नाही. एखाद्याच्या घटस्फोटाची खरी बातमी तिसऱ्याला जाऊन सांगितली तरी ते सी६ फ़ेइ१च.

क्रियापद कॉङ्२, बोलणे. कॉङ्२ सी६ फ़ेइ१ म्हणजे कुचाळक्या करणे. ज्याच्याविषयी बोलायचे तो माणूस मधे बसतो : कॉङ्२ यन४ सी६ फ़ेइ१, लोकांच्या कुचाळक्या करणे. चालू असलेली क्रिया दाखवायला 'कन२' जोडतात : खोइ५ तेइ६ कॉङ्२ कन२ सी६ फ़ेइ१, त्यांचे कुटाळणे चालले आहे. इकडचे तिकडे नेऊन सांगणे म्हणजे हॉक्६ सी६ फ़ेइ१. मुद्दाम आग लावून देणे म्हणजे काउ२ सी६ काउ२ फ़ेइ१. आणि ज्याचा हा स्वभावच झाला आहे तो सी६ फ़ेइ१ चिङ्१. आपण त्याला कळीचा नारद म्हणतो, पण नारदाविषयी आपल्याला थोडी माया असते, ती या शब्दात अजिबात नाही.

एक म्हण तर पाठच करून टाका : लॉइ४ स्युत्३ सी६ फ़ेइ१ चे२, पिन६ सी६ सी६ फ़ेइ१ यन४. जो तुमच्याकडे कुचाळकी घेऊन येतो तोच कुचाळक्या करणारा. कोणी नवख्याला विश्वासात घेऊन दुसऱ्याविषयी सांगू लागला की जुने लोक नंतर हळूच हे वाक्य ऐकवतात. ते ऐकले तर समजा, तुम्हाला सावध केले जात आहे.

याच्या आसपासचे दोन सोपे शब्द. हान४ वा२ म्हणजे रिकामटेकडे बोलणे, लोकापवाद. वाइ६ वा२ म्हणजे वाईट शब्द, आणि कॉङ्२ यन४ वाइ६ वा२ म्हणजे कोणाविषयी वाईट बोलणे. या दोन्हींत 'वा'चा मूळ सहावा सूर बदलून दुसरा होतो, हे कान देऊन ऐका. क्रियापद असताना वा६, म्हणणे. नाम झाले की वा२, बोलणे किंवा शब्द.

चौथी पायरी : ऐकीव बोलणे ओळखा

माझ्या मते हा भाग मराठी माणसाला सर्वांत लवकर साधतो. कँटनीज वाक्याच्या अखेरीस वॉ५ हा छोटासा शब्द आला की अर्थ होतो 'म्हणे'. खोइ५ म्४ लइ४ वॉ५ : तो येणार नाही म्हणे. बोलणारा जबाबदारी आपल्या अंगावर घेत नाही, दुसऱ्याचे बोलणे फक्त पुढे सरकवतो. अगदी आपल्या 'म्हणे'सारखे ते वाक्याच्या शेवटी येते आणि त्यात बोलणाऱ्याची शंकाही मिसळलेली असू शकते.

पण सूर बदलला की अर्थ बदलतो. वॉ३ म्हणजे 'बरं का', 'अहो', एखादी गोष्ट समोरच्याच्या ध्यानात आणून देणे. म्हणजे तोच शब्द मधल्या सपाट सुरात आला तर बोलणारा स्वतःच सांगतोय, आणि खालून चढणाऱ्या सुरात आला तर ऐकीव. एखाद्याने तुमच्याविषयी काही सांगितले आणि शेवटी वॉ५ होते की वॉ३, हे टिपता आले तर ते त्याचे स्वतःचे मत की कुठून तरी आलेली कंडी, हे तिथल्या तिथे कळते.

ऐकीव बोलण्याची सुरुवात बहुधा थेङ्१ कॉङ्२ने होते, 'ऐकलंय की'. किंवा यन४ तेइ६ वा६, 'लोक म्हणतात'. आणि सर्वांत धोक्याची सुरुवात म्हणजे नेइ५ म्४ होउ२ वा६ पेइ२ यन४ ची१, 'कोणाला सांगू नकोस हं'. असे सांगणाऱ्याने तेच वाक्य आणखी किती जणांना म्हटले असेल याचा अंदाज तुम्हीच करा. ज्याच्या पोटात गोष्ट राहत नाही तो हउ२ सॉ१, विरळ तोंडाचा.

ऐकीव गोष्ट पसरताना वाढत जाते, त्यासाठी शब्द आहे का१ यिम४ का१ छोउ३ : मीठ घालणे, व्हिनेगर घालणे. आपण तिखटमीठ लावतो, ते मीठ आणि आंबट घालतात.

पाचवी पायरी : नुकसान करणारे बोलणे

इथून पुढचे शब्द ऐकू आले तर कान टवकारा.

छॅङ्३ सोइ१. छॅङ्३ म्हणजे गाणे, सोइ१ म्हणजे वाईट, उतरती कळा लागलेले. एखाद्याला गाऊन गाऊन बदनाम करणे, जिथे जाल तिथे त्याची अपकीर्ती करणे. चउ१ वइ४ छॅङ्३ म्हणजे चहूकडे गात सुटणे. खोइ५ छॅङ्३ सोइ१ ङॉ५ : तो माझी बदनामी करत फिरतो. माणसापुरताच हा शब्द नाही. राजकारणी लोक विरोधकांवर छॅङ्३ सोइ१ हॅङ्१ कॉङ्२, 'हाँगकाँगची बदनामी करता' असा आरोप करतात, बातम्यांतही तो सतत येतो. एक खबरदारी : दुकानात छॅङ्३ छिन२ ऐकले तर घाबरू नका, ते सुटे पैसे करून घेण्यासाठी आहे.

तुक्१ पुइ३ चेक्३ म्हणजे पाठीत टोचणे. समोर गोड बोलून वरिष्ठांकडे किंवा इतरांकडे कागाळ्या करणे. कार्यालयातला हा सर्वांत जास्त वापरला जाणारा आरोप असावा. रचनेकडे लक्ष द्या : 'माझ्या' हा शब्द मधे शिरतो. खोइ५ तुक्१ ङॉ५ पुइ३ चेक्३, तो माझ्या पाठीत टोचतो. छॅङ्३ सोइ१ मात्र असा फोडत नाहीत, तिथे माणूस शेवटी येतो. याच 'टोचण्या'पासून तुक्१ फ़ुइ१ आहे, म्हणजे चहाडी करणे, पोलिसांना किंवा साहेबाला खबर देणे. हा गुंडांच्या टोळ्यांतून आलेला शब्द. खबर देणारा तो यी६ ङ्५ चइ२, शब्दशः 'दोन-पाच पोऱ्या', म्हणजे फितूर. यातला 'ङ्५' म्हणजे पाच, तो नुसता नाकातूनच उच्चारायचा. कोणालाही गमतीतसुद्धा असे म्हणू नका.

पाठीमागे न बोलता तोंडावरच, पण नाव न घेता टोमणे मारणे, त्याला तान१ तान१ ता२ ता२ म्हणतात. लेकी बोले सुने लागे हा प्रकार. नवखा माणूस शेजारी बसलेला असतो आणि त्याला वाटते विषय दुसराच आहे.

मग येते बालंट. वत्१ हा एवढासा शब्द, अर्थ खोटा आळ घेणे. नेइ५ म्४ होउ२ वत्१ ङॉ५, माझ्यावर बालंट आणू नकोस. थोड्या औपचारिक भाषेत युन१ वॉङ्२. ङॉ५ पेइ२ यन४ युन१ वॉङ्२ म्हणजे माझ्यावर नाहक आळ आला. सगळेच मनाने रचले असेल तर साङ्१ ऑन१ पाक्६ चोउ६, पूर्ण बनावट. आणि पोलिसांनी किंवा वरच्यांनी ठरवून खोट्या प्रकरणात अडकवले तर छइ३ साङ्१ च्यु१ युक्६, कच्चे डुकराचे मांस रचणे. हे ऐकून पदार्थाचे नाव वाटेल, पण आरोप गंभीर असतो.

वर्तमानपत्री भाषेत याच गोष्टी वेगळ्या नावांनी येतात. कंड्या पिकवणे म्हणजे चोउ६ यिउ४, कंडी म्हणजे यिउ४ यिन४. काळे फासणे म्हणजे मुत्३ हक्१, निवडणुकीच्या दिवसांत हा शब्द रोज दिसतो. द्वेषाने घायाळ करणारे बोलणे म्हणजे चुङ्३ सॅङ्१. हे शब्द तोंडी भांडणात कोणी फारसे वापरत नाही, पण तक्रारीच्या पत्रात आले तर समजा प्रकरण वर गेले आहे.

लोकांच्या बोलण्याची भीती किती खोल आहे हे एका वाक्यातून कळते : यन४ यिन४ हॉ२ वइ३, लोकांच्या तोंडची भाषा भयंकर असते. त्याचे मूळ प्राचीन चिनी काव्यात आहे, पण आज ते रुआन लिंगयु या मूकपटांच्या अभिनेत्रीशी कायमचे जोडले गेले आहे. तिचे घराणे ग्वांगदोंग प्रांतातले, कँटनीज. तिचा जन्म १९१० मध्ये शांघायला झाला. खाजगी आयुष्यावरून कोर्टकज्जे आणि वर्तमानपत्रांचा ससेमिरा चालू असताना ८ मार्च १९३५ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी तिने जीव दिला. तिची म्हणून छापल्या गेलेल्या चिठ्ठीत हे शब्द होते. ती चिठ्ठी खरी की रचलेली यावर वाद आहे, म्हणजे तिच्या मरणाभोवतीही कंड्याच राहिल्या. कोणी गंभीरपणे हे वाक्य उच्चारले तर त्यात केवढे ओझे आहे ते ओळखा आणि हसून सोडू नका.

सहावी पायरी : शब्द कायद्यात शिरतो तेव्हा

बदनामीसाठी कायद्याचा शब्द फ़ेइ२ फॉङ्३. हाँगकाँगचा बदनामीविषयक अध्यादेश कायद्यांच्या संग्रहात २१ वे प्रकरण म्हणून आहे आणि तो १८८७ पासूनचा आहे. त्यात दोन प्रकार केले आहेत. लिहून, छापून केलेली ती 'कायम स्वरूपाची' बदनामी, नुसती तोंडी ती 'तात्पुरत्या स्वरूपाची'. तोंडी बदनामीत साधारणपणे प्रत्यक्ष नुकसान दाखवावे लागते, मात्र कोणाला तुरुंगवासाच्या गुन्ह्याचा दोष दिला किंवा त्याच्या धंद्याच्या लायकीवर घाव घातला अशा काही बाबींत ते लागत नाही. भारतातून आलेल्यांनी हा फरक लक्षात घ्यावा, कारण आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बोललेले आणि लिहिलेले एकाच व्याख्येत येते.

व्यवहारात याचा अर्थ असा की चहाच्या वेळी कोणी बरळलेले वाक्य आणि तेच वाक्य कार्यालयाच्या गटावर टाईप करून पाठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याविषयी कोणी लिहिले असेल तर उत्तर देण्याआधी तारीख-वेळेसह मजकूर जपून ठेवा आणि वकिलाला दाखवा. रागात 'फ़ेइ२ फॉङ्३' हा शब्द तोंडावर फेकू नका, तो खटल्याची धमकी म्हणूनच ऐकला जातो.

ऑनलाइन जगात आणखी दोन शब्द लागतील. सिक्६ फ़ा१ सङ्१, शेंगदाणे खाणे, म्हणजे दुसऱ्यांचे भांडण बाहेरून मजेत पाहणे. असे पाहणारा तो फ़ा१ सङ्१ यउ२. हे वरवर निरुपद्रवी असते. हेइ२ तइ२ मात्र नाही. शब्दशः तळ वर काढणे, म्हणजे एखाद्याचा पत्ता, फोन, घरच्यांची माहिती शोधून चव्हाट्यावर मांडणे. ८ ऑक्टोबर २०२१ पासून हाँगकाँगमध्ये हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि गंभीर प्रकारात १० लाख हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड आणि ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोणी वाईट वागले म्हणून त्याचा पत्ता गटात पुढे ढकलणे हे न्याय मिळवून देणे नव्हे, तो गुन्हा आहे. 'मी फक्त फॉरवर्ड केले' या सबबीवर विसंबू नका.

सातवी पायरी : देवळात आणि पुलाखाली

शब्द नुसते कोशातून घेतले तर अर्धेच कळतात. मार्चच्या ५ किंवा ६ तारखेच्या सुमारास, चिनी पंचांगात झोपलेले किडे जागे होतात त्या दिवशी, कॉजवे बे आणि वान चायच्या मधल्या कनाल रोड उड्डाणपुलाखाली जा. त्या जागेला लोक ङॉ४ केङ्२ खिउ४, हंसमान पूल, म्हणतात. तिथे म्हाताऱ्या बायका छोट्या स्टुलांवर बसून कागदी बाहुलीला जुन्या चपलेने बडवत असतात. हे ता२ सिउ२ यन४, 'क्षुद्र माणसाला झोडपणे'. सिउ२ यन४ म्हणजे लहान मनाचा, मागून घात करणारा, कुचाळक्या करणारा माणूस. बाहुलीला झोडपताना यमक जुळवून मंत्र म्हटला जातो, तो 'ता२ नेइ५ कॉ३ सिउ२ यन४ थउ४', 'तुझं क्षुद्र डोकं झोडपते' असा सुरू होतो आणि मग एकेक अवयव घेत जातो. त्याच दिवशी कागदी पांढऱ्या वाघाच्या तोंडाला डुकराची चरबी फासतात, म्हणजे त्याने तोंड उघडून अपाय करू नये. हा वाघ भांडण-कुचाळकी आणतो अशी समजूत आहे. बहुतेक गिऱ्हाइके कोणाचे नावही सांगत नाहीत, 'जो कोणी असेल तो' म्हणूनच बडवून घेतात.

चांद्र नववर्षाचा तिसरा दिवस म्हणजे छेक्३ हउ२, लाल तोंड. त्या दिवशी पाहुणे म्हणून कोणाच्या घरी जात नाहीत, शब्दाला शब्द लागेल म्हणून. लोक त्याऐवजी शा तिनमधल्या चे कुंगच्या देवळात गर्दी करतात. तुमच्या घरमालकाला किंवा साहेबाला नववर्षाच्या शुभेच्छा द्यायच्या असतील तर हा दिवस टाळा.

आठवी पायरी : आता तुम्ही काय बोलाल

ही वाक्ये मोठ्याने, सुरांसह म्हणून घोटा. कोणी तुम्हाला चुगलीत ओढू लागले तर सर्वांत सोयीचे उत्तर : ङॉ५ म्४ छिङ्१ छॉ२ वॉ३, मला नक्की माहीत नाही हो. इथे वॉ३ आहे याकडे लक्ष द्या, वॉ५ म्हटलेत तर 'मला माहीत नाही म्हणे' असे विचित्र होईल. विषय बदलायचा तर स्युन३ ला१, जाऊ दे. थोडे धीट व्हायचे असेल तर पत्१ यु४ चिक्६ चिप्३ मन६ खोइ५, त्यालाच सरळ विचारू या की. हे वाक्य मला फार आवडते. रागाचा एक शब्द नाही, आणि कुजबुज बहुधा तिथेच थांबते.

तुमच्याच कानावर तुमच्याविषयी काही आले तर घाईने नाकारण्याआधी विचारा पिन१ कॉ३ वा६ का३, कोण म्हणाले? मग यउ५ मोउ५ चिङ्३ कोइ३, पुरावा आहे का? आणि शांतपणे मोउ५ नी१ किन६ सी६, असे काही झालेलेच नाही. तीनही वाक्ये आवाज न चढवता म्हणता येतात. 'ङॉ५ म्४ कॉङ्२ यन४ सी६ फ़ेइ१', मी कोणाच्या कुचाळक्या करत नाही, हे व्याकरणाने शुद्ध असले तरी समोरच्याला 'तू करतोस' असे ऐकू येते, ते कोरडे वाटते. क्वान१ नेइ५ मे१ सी६, तुला काय करायचंय, हे तर वरिष्ठांपुढे कधीच नाही.

घोटण्यासाठी दुसरा माणूस लागतो. कँटनीज बोलणाऱ्या मित्राला चहाला घेऊन जा आणि हीच वाक्ये त्याच्याकडून वॉ३ आणि वॉ५ अशी दोन्ही तऱ्हांनी म्हणवून घेऊन ध्वनिमुद्रित करा. उदाहरणे कार्यालयातल्या माणसांची घेऊ नका. कुठल्या तरी मालिकेतल्या पात्रांची घ्या, म्हणजे सराव करता करताच नवी सी६ फ़ेइ१ जन्माला येणार नाही.